अर्जाची पोच

मुलुंड (पूर्व)
१० जून २०२४

सुबोध,

मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प ही जात आता नामशेष होत चालली आहे. तुझ्या वहीत नोंद करण्याजोगी बातमी. आज सकाळी नऊपासून मी तिच्या मागावर होतो. मुलुंडच्या स्टॅम्पवाल्याने वीसचा दाखवला, पन्नासचा दाखवला आणि दहाचा मागितल्यावर मी त्याच्या मुलीचा हात मागितल्यासारखा चेहरा केला. भांडुपला 'परवा या' म्हणाले. कुठल्या परवा, ते सांगायला नकार. घाटकोपरच्या टायपिस्टाने मात्र बसायला स्टूल दिलं आणि मग शांतपणे सांगितलं, "काका, दहाच्यात आम्हाला काय सुटतं? कोण ठेवणार?" नागरिकाने सरकारला प्रश्न विचारायची फी दहा रुपये, आणि ती भरण्याच्या खटपटीत माझे रिक्षाला दोनशे चाळीस गेले. शेवटी त्याच टायपिस्टाच्या ड्रॉवरच्या तळाशी पाच-पाचचे दोन सापडले, एकमेकांना घट्ट चिकटलेले. माझा माहितीचा अधिकार मी चहाच्या वाफेवर धरून सोडवला.

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते मुद्दाम. तुला ते नको असतील. पंधरा वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. आई गेली तेव्हा स्मशानात तू माझ्यापासून चार माणसं सोडून उभा होतास, तेवढीच भेट. मग आत्ताच हा उपद्व्याप का, तर ऋतिकामुळे.

तुझी लेक नोकरीसाठी पवईला आली आहे हे मला नलिनीकडून कळलं. बायकांचं आपसांत बोलणं बंद झालेलं नाही, हे आपल्या घराण्याचं एकमेव पुण्य. मागच्या रविवारी ती जेवायला आली. तुझ्यासारखीच खिडकीशी बसते आणि बोलता बोलता एकदम बाहेर बघते. आमरसाची वाटी संपवून तिने विचारलं, "काका, एक विचारू? रागवायचं नाही. तुम्ही बाबांच्या विरुद्ध पोलिसांत अर्ज का केला होता?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?"

"आईने. बाबा काहीच बोलत नाहीत."

सुबोध, पंधरा वर्षं मला वाटत होतं की दादाने वेळेला धावपळ केली नाही म्हणून तू रुसला आहेस. धावपळ केली नाही, हे खरं. पण अर्ज? मी? सख्ख्या भावाच्या विरुद्ध? मी आयुष्यभर लोकांची टिंगल केली, पण कुणाच्या नावाने पोलिसांत चिठ्ठी टाकली नाही. नलिनीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच क्षणी ठरवलं. माहितीच्या अधिकारात तो अर्ज मागवायचा. कुणी केला, काय लिहिलं, सगळं. आणि त्याची प्रत तुला कुडाळच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवायची.

आज पोलीस ठाण्यात अर्ज दिला. 'जानेवारी २००९ मध्ये श्री. सुबोध परुळेकर यांच्याविरुद्ध आलेल्या तक्रार अर्जाची प्रत, अर्जदाराच्या नावासह.' खिडकीवरच्या प्रेमा नावाच्या बाई शिपायाने तो दोनदा वाचला. म्हणाली, "काका, पंधरा वर्षांपूर्वीचं? तेव्हा मी सातवीत होते."

मी म्हटलं, "मग तुमच्यावर संशय नाही."

ती हसली नाही. काही लोकांना विनोद कळायला वेळ लागतो.

नंदकिशोर


२२ जुलै २०२४

सुबोध,

उत्तर आलं. तीस दिवसांची मुदत, बेचाळिसाव्या दिवशी. 'मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित असून, ती उघड केल्यास खबर देणाऱ्याच्या जीवितास धोका पोचू शकतो. सबब माहिती नाकारण्यात येत आहे.'

वाचलंस? म्हणजे अर्ज आहे. अर्ज करणारा आहे. आणि तो माझ्या तावडीत सापडला तर मी त्याचं काय करीन, याची पोलिसांनाही कल्पना आहे. माझ्या लेखणीची इतकी कदर साप्ताहिकाच्या संपादकाने वीस वर्षांत केली नाही.

ठाण्यात जाऊन प्रेमाबाईंना विचारलं, "कागद आहे तरी का, की हे नुसतंच छापील?"

"आहे काका. रद्दीच्या यादीत होता. या वर्षी जाळायला जाणार होता. तुमचा अर्ज आला म्हणून थांबवला."

"मग दाखवा की."

"साहेब नाही म्हणतात. अपील करा. एसीपी साहेबांकडे सुनावणी होते."

करतो. तू म्हणशील, आता कशाला. अरे, मला तुझा काळ आठवतो. छत्तीस वर्षांचा माणूस, अकरा वर्षं पक्ष्यांच्या वह्या भरणारा. संशोधन केंद्रातली पक्की नेमणूक हातात आलेली, फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी. आणि नेमकं त्याच महिन्यात कुणीतरी एक कागद खरडतो. तुला दोन दिवस ठाण्यात बसवतात, वह्या ठेवून घेतात, पडताळणीवर 'चौकशी प्रलंबित' असा शेरा पडतो आणि नेमणूक दुसऱ्याला जाते. सहा महिन्यांत तू बिऱ्हाड उचलून कुडाळला गेलास, शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या धुवायला. मला तर हे सगळं तिसऱ्या दिवशी कळलं, आईकडून. तोवर तू सुटून आला होतास. मी काय करणार होतो?

माझा संशय गुप्तेकाकांवर आहे. आपल्या सोसायटीचे तेव्हाचे सेक्रेटरी, चंद्रप्रकाश गुप्ते. तू गच्चीच्या दाराची दुसरी किल्ली करून घेतलीस म्हणून ते तुझ्यावर डूख धरून होते. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण कागद हातात आला की मी वयाचा मुलाहिजा ठेवणार नाही. अख्ख्या जिन्यासमोर वाचून दाखवीन.

नंदकिशोर


३ सप्टेंबर २०२४

सुबोध,

आज सुनावणी झाली. सगळं नीट लिहितो. 

एसीपी साहेब तरुण आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे. समोर पिवळी पडलेली फाइल, आत पाच-सहा कागद. मी भाषण तयार करून गेलो होतो. 'खबर देणाऱ्याचे संरक्षण म्हणजे भेकडाचे संरक्षण नव्हे,' असं एक वाक्य होतं. रात्रभर घासून चकचकीत केलेलं. तेवढं म्हणून झालं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग माझं आधार कार्ड मागितलं. ते पाहिलं, फाइल पाहिली, पुन्हा कार्ड पाहिलं.

"नंदकिशोर वासुदेव परुळेकर म्हणजे तुम्हीच?"

"मीच."

"तेव्हाही याच पत्त्यावर?"

"जन्मापासून."

साहेब प्रेमाबाईंकडे वळले. "अहो, मग यांना का नाकारलं? अर्जदाराला त्याच्या अर्जाची प्रत द्यायला कसली हरकत?"

मला वाटलं, अर्जदार म्हणजे माहितीचा अर्जदार. मी मान डोलावली. थोडा विजयी हसलोदेखील.

साहेबांनी फाइल माझ्याकडे फिरवली. म्हणाले, "काका, तुमच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून आम्ही तुमचं नाव तुमच्यापासूनच लपवून ठेवलं होतं." आणि ते हसले. चांगला विनोद होता. मीही केला असता.

कागदावर माझं अक्षर होतं. कुणाचं तरी माझ्यासारखं नव्हे, माझं. 'श' ची गाठ, 'परुळेकर'च्या खाली ओढलेली ती शेपटी. सही. तारीख १२ जानेवारी २००९. वर जांभळा शिक्का, 'आवक'.

मी साहेबांना म्हणालो, "हे मी लिहिलंय."

ते म्हणाले, "हो ना. तेच म्हणतोय मी."

बाहेर बाकड्यावर किती वेळ बसलो माहीत नाही. प्रेमाबाईंनी पाणी आणून दिलं. "काका, घरून कुणाला बोलावू?" मी म्हणालो, नको. मग तिने विचारलं, "ज्यांच्या विरुद्ध आहे ते तुमचे कोण?"




४ सप्टेंबर

काल पुढे लिहवलं नाही.

तो अर्ज नाही रे. तो लेख आहे. प्रजासत्ताक दिनाला सोसायटीच्या भिंतीवर हस्तलिखित लावायचे, आठवतं? त्यासाठी मी लिहिला होता. तुझ्या पक्षीवेडाची गंमत, पोलिसांतल्या अर्जाच्या थाटात. 'प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक' इथपासून 'आपला विश्वासू' पर्यंत. आणि कलाकुसर अशी, की संपूर्ण मजकुरात 'पक्षी' हा शब्द एकदाही येऊ द्यायचा नाही. मला किती अभिमान होता त्याचा! प्रत समोर आहे, उतरवतो:

'सदर इसम रोज पहाटे साडेपाच वाजता गच्चीवर जाऊन खाडीच्या दिशेने दुर्बीण लावतो. "आले, आले" असे पुटपुटतो. परदेशी पाहुण्यांची तो महिनोन्महिने वाट पाहतो. त्याच्या वहीत "उत्तरेकडून चाळीस आले, मिठागरात उतरले, ओहोटी लागताच पांगले" अशा नोंदी आहेत. विचारणा केल्यास ओठांवर बोट ठेवतो.'

जानेवारी २००९. समुद्रातून आलेल्या माणसांनी शहर रक्तात भिजवून जेमतेम दीड महिना झाला होता. आणि मी हे लिहिलं, सही ठोकली, वर पत्ताही घातला. अस्सल वाटावं म्हणून.

शेवटचं वाक्य असं: 'त्यास ताब्यात घेताना त्याच्या खिशातील शेंगदाणे जप्त करावेत. ते माझे आहेत.' शेंगदाण्यांखाली लाल शाईची दुहेरी रेघ आहे. समासात कुणीतरी लिहिलंय, 'सांकेतिक शब्द?'

पण तो तिथे पोचला कसा? तेच विचारायला सकाळीच गुप्तेकाकांकडे गेलो. दार उघडायच्या आत सुरू केलं, "काका, माझ्या टेबलावरचा कागद तुम्ही पोलिसांत कसा दिलात?"

काकांना ऐकू कमी येतं. त्यांनी मला बसवलं, कानातलं यंत्र लावलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून सोसायटीची २००९ ची फाइल काढली. "नंदू, लाउडस्पीकरची परवानगी, वॉचमनची पडताळणी, गेटासमोरच्या वडापावच्या गाडीची तक्रार. सगळे अर्ज तूच लिहून द्यायचास. अख्ख्या बिल्डिंगमध्ये अक्षर तुझं. मी संध्याकाळी आलो, तू लिहीत बसला होतास. मान वर न करता म्हणालास, टेबलावर वरिष्ठ निरीक्षकांच्या नावाने जेवढे आहेत तेवढे उचला. मी उचलले."

"वाचलं नाहीत?"

"तू लिहिलेलं मी वाचून बघणार? तुझा अपमान नसता झाला?"

मग त्यांनी एकेक पान उलटत चौथं माझ्यासमोर धरलं. त्याच लेखाची कार्बन प्रत. आमच्या पिढीला कार्बन घातल्याशिवाय लिहवत नसे. तिच्यावरही जांभळा शिक्का. काका म्हणाले, "पोच घेतल्याशिवाय मी कुठलाही अर्ज देत नसे. चारही अर्जांची पोच घेतली होती."

पोच. आई मला काय म्हणायची आठवतं ना? कुणाच्या तेराव्याला मी जोक केला, की पदराआडून पुटपुटायची, "नंदूला अक्कल आहे, पोच नाही." पंधरा वर्षं माझी पोच गुप्तेकाकांच्या कपाटात फाइल करून ठेवलेली होती, सहीशिक्क्यानिशी.

काकांना विचारलं, तेव्हा का नाही बोललात. ते म्हणाले, "मला वाटलं, भावाभावांचं काही असेल. मी कशाला मध्ये पडू?"


१३ सप्टेंबर २०२४

सुबोध,

काल गौरी-गणपती गेले. ऋतिका आली होती, मोदकांच्या कळ्या पाडायला. तिला सगळं सांगितलं. म्हणजे मागच्या पत्रात तुला लिहिलं तेवढं. चुकून घडलं, गुप्तेकाकांनी उचललं, पोलिसांनी शब्दशः घेतलं. ती हसली. मग रडली. मग म्हणाली, "म्हणजे नुसती चूक होती ना काका? मी बाबांना सांगू का?"

मी म्हणालो, मीच लिहितो.

आता ते लिहितो.

फाइलमध्ये दुसरा कागद आहे. माझा जबाब. १८ जानेवारी, रविवार. हवालदार धोंडू तावडे घरी आले होते. मी साप्ताहिकाचं सदर लिहीत होतो, डोक्यात पुढचं वाक्य. त्यांनी दारातूनच विचारलं, "अर्ज तुमचाच मां?" मला वाटलं, वडापावच्या गाडीचं. मी म्हटलं, "माझाच. आणि कारवाई करा हो, नुसते कागद जमवू नका." त्यांनी लिहिलं, मी सही केली. जबाबाच्या तळाशी ठरलेली ओळ असते: 'वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' लोक न वाचता सह्या करतात, यावर मी तीन लेख लिहिले आहेत.

इथपर्यंतही मी मूर्ख आहे, एवढंच. मूर्खपणाची मला सवय आहे, त्यावरच पोट चालतं.

पण तुझा फोन आला होता.

तिसऱ्या दिवशी आईकडून कळलं, असं मी जुलैत लिहिलं ते खोटं. पहिल्याच दिवशी दुपारी तू ऑफिसात फोन केलास. मागे रिक्षांचे हॉर्न. तू म्हणालास, "दादा, ठाण्यात आहे. इथे एक कागद आहे, दुर्बिणीबद्दल. तू जरा येऊन जा ना." घाबरलेला नव्हतास. उलट आवाजात काहीतरी गंमत होती, तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी म्हणालो, "चहा पाजतात का रे तिथे? मजा आहे तुझी. मिटिंग आहे, बघतो." आणि ठेवला.

मिटिंग नव्हती.

'दुर्बिणीबद्दल' हा शब्द कानात राहिला. संध्याकाळी घरी येऊन मी टेबल शोधलं. लेख नव्हता. त्याची कार्बनही नव्हती. मी उभा राहिलो. पाच मिनिटं असेन, जास्त नाही. त्या पाच मिनिटांत मला सगळं कळलं होतं, सुबोध. कागद कुठे गेला असेल, त्यावर कुणाची सही आहे, तू का बोलावतो आहेस. मग डोळ्यांसमोर माझं ऑफिस आलं. मार्चमध्ये बढती होती. त्या दिवसांत असल्या कागदावर आपलं नाव असणं म्हणजे काय, ते आलं. उद्या साहेब विचारणार, परुळेकर, पोलिसांशी थट्टा करता? आणि मी स्वतःला सांगितलं, आईने रद्दीत दिला असेल. आईला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ती 'नाही' म्हणाली असती.

ते 'रद्दीत दिला' मी इतक्या वर्षांत इतकं घोटलं, की ते खरं झालं. म्हणून तर ऋतिकाने विचारल्यावर मी छाती काढून अर्ज करायला गेलो. मी खोटं बोलत नव्हतो. विसरलो होतो. ही सफाई नाही. हे जास्त वाईट आहे.

बढती मिळाली.


४ ऑक्टोबर २०२४

सुबोध,

तुझं कार्ड मिळालं. सात ओळी. आधी नलिनीने वाचून दाखवल्या. मग मी स्वतः वाचल्या. इथे उतरवतो, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुला कळेल:

'दादा, पत्रं मिळाली. अर्ज मला पहिल्याच तासाला दाखवला होता. तुझं अक्षर ओळखलं. शेंगदाण्यांपर्यंत आलो आणि मला हसू फुटलं. साहेब भडकले, म्हणून बसवलं. मी सांगितलं, भाऊ विनोदी लिहितो. म्हणाले, मग त्याला येऊन सांगू दे. वाटलं, तू येशील, दहा मिनिटांचं काम. फोनला सुटा रुपया नव्हता, तो तावडे हवालदारांनी खिशातून दिला. परत द्यायचा राहून गेला.'

तू हसला होतास.

पंधरा वर्षं मी तुझा चेहरा त्या ठाण्यात कल्पिला, तेव्हा घाबरलेला कल्पिला, चिडलेला कल्पिला. तू हसत असशील हे कधी डोक्यात आलं नाही. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत त्या लेखाला हसलेला वाचक एक, आणि त्या हसण्यासाठी त्याला दोन दिवस बाकड्यावर बसावं लागलं. तू लेखाबद्दल रुसलाच नव्हतास. तू दाराकडे बघत बसला होतास.

काल मी ते दहा मिनिटांचं काम केलं. ठाण्यात गेलो. प्रेमाबाईंना म्हटलं, "जबाब द्यायचाय."

"कशाबद्दल?"

"२००९ च्या अर्जाबद्दल. तो खोटा आहे. विनोदी लेख होता, मी लिहिलेला. माझ्या भावाने काही केलं नव्हतं. आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं, तरी मी आलो नाही."

"काका, फाइल बंद झाली. आता हा जबाब मी कशात घालू?"

"मूळ अर्जाला टाचणीने लावा."

"तो जाळायला जाणार."

"मग दोन्ही एकत्र जाळा. पण एकत्र."

 तिने कागद ओढला, म्हणाली, "सांगा." मी सांगितलं, तिने लिहिलं. एका ठिकाणी तिने 'गैरसमजातून' असं लिहिलं, ते मी खोडायला लावलं. गैरसमज नव्हता. लिहून झाल्यावर मी पूर्ण वाचला. दोनदा. सावकाश. मागे रांग लागली होती, एक बाई मोबाइल हरवल्याची तक्रार घेऊन उभी होती, ती म्हणाली, "काका, पटापट ना." मी तरी वाचला. मग सही केली, शेपटी न ओढता.

वह्यांचं विचारलं. अकरा वह्या 'तपासकामी' घेतल्याची नोंद आहे, परत दिल्याची नाही. गोदामात पाणी शिरलं होतं म्हणे, त्यात बरंच गेलं. त्या मिळणार नाहीत. प्रेमाबाई शोधते म्हणाली. तिला नाही म्हणवलं नाही म्हणून ती तसं म्हणाली, हे मला कळलं.

प्रत सोबत जोडली आहे. संशोधन केंद्राच्या पत्त्यावरही एक पाठवली. तिथे तेव्हाचं कुणी उरलं नसेल. तरी.

निघताना विचारलं, तावडे हवालदार कुठे असतात? "निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. जोगेश्वरीला, गुंफेच्या बाजूला. का?"

मी 'जोगेश्वरी, गुंफा' एवढं लिहून घेतलं. 


१४ ऑक्टोबर २०२४

सुबोध,

काल जोगेश्वरीला गेलो होतो. गुंफेच्या मागच्या गल्लीत दोन तास विचारत फिरलो, तेव्हा 'पोलीसवाले तावडे' सापडले. पुनर्वसनाची इमारत, चौथा मजला, लिफ्ट बंद. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हिरवा चष्मा. दारातच उभं करून त्यांनी विचारलं, "कोण रे तू? सोसायटीचो?"

मी नाव सांगितलं. मुलुंड सांगितलं. २००९ सांगितलं. दुर्बीण, अर्ज, भाऊ. त्यांना काहीच आठवेना.

"अरे, पस्तीस वर्सां खाकीत काढलंय. किती लोकांक बसयलंय, माका खंय आठवतला? तक्रार घेऊन इलस काय? आता माझ्या हातात कायेक नाय."

"तक्रार नाही. तुम्ही माझ्या भावाला फोनसाठी एक रुपया दिला होता. ठाण्याबाहेरच्या डब्याच्या फोनला. तो द्यायचा राहिला होता."

"कसलो रुपयो?"

"एक रुपया."

"तेच्यासाठी मुलुंडासून इलस?"

मी नाणं पुढे केलं. त्यांना हिरव्या काचेतून दिसेना, म्हणून हात धरून तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, उलटंसुलटं केलं. बायको आतून ओरडली, "कोण हा ओ?" ते म्हणाले, "कोण नाय, मुलुंडचो माणूस. रुपयो देऊक इलो." मग माझ्याकडे तोंड करून, जुनी ड्युटी आठवावी तसं, जरा दरडावूनच विचारलं, "मगे, फोन लागललो काय तेका?"

मी म्हणालो, "लागला होता."

त्यांनी मान हलवली आणि रुपया सदऱ्याच्या खिशात टाकला.